गंजिफांचा डाव

वस्तु पेटींत जपून ठेविली तर टिकते. खेळ मात्र खेळला तरच टिकतो. दशावतारी गंजिफांची स्थिति आज अशी झाली आहे कीं, पानें आहेत, त्यांवरील चित्रांचें कौतुकहि आहे. परंतु तीं हातांत घेऊन डाव मांडणारीं माणसें विरळा. म्हणून ह्या खेळाची रीत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गंजिफा हा शब्द फारशींतून आपल्याकडे आला. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें अबुल फजलानें ‘ऐने अकबरी’त अकबराच्या बारा रंगांच्या गंजिफेचें वर्णन केलें. आपल्या लोकांनीं तोच खेळ उचलून रंगांच्या जागीं विष्णूचे दहा अवतार बसविले.

मत्स्यापासून कल्कीपर्यंत हे दहा रंग. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान व एकापासून दहापर्यंत पानें, म्हणजे बारा. एकूण १२० वाटोळीं पानें. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवें, परशुरामाच्या पानांवर परशु, अशा खुणा मोजून पान ओळखावयाचें. खेळणारे तिघे, प्रत्येकास ४० पानें. डाव दिवसां असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं तो प्रथम उतरतो. रात्रीं असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हातीं तो. पुष्कळ ठिकाणीं ह्या राजाबरोबर एक हलकें पान जोडून टाकतात, व इतर दोघांना दोन दोन पानें द्यावीं लागतात. उतारीच्या रंगाचें वरचें पान ज्याचें, हात त्याचा. शेवटीं प्रत्येकानें जिंकलेलीं पानें मोजावयाचीं.

मेंढीकोट खेळणाऱ्या मुलांना येथें दोन गोष्टी नव्या वाटतील. पहिली, ह्या खेळांत हुकूम नाहीं. हलक्या पानानें भारी पान कापण्याची सोय नाहीं. कोणतें पान गेलें व कोणतें राहिलें, हें स्मरणांत ठेवणें हाच येथला हुकूम. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. राजा व प्रधान सर्वत्र वरचढ. पण त्यांच्या खालीं निम्म्या रंगांत दश्शी सर्वांत मोठी, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान! एका ठिकाणीं जें थोर तेंच दुसऱ्या ठिकाणीं क्षुद्र ठरतें. पाठांतरास कंटाळणाऱ्या मुलांना स्मरणशक्तीचा असा व्यायाम दुसरा क्वचितच मिळेल.

सावंतवाडीस गंजिफा रंगविण्याची कला जवळजवळ लोपली होती. १९७० नंतर राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांजकडून ती विद्या मिळविली व राजवाड्यांतच हें काम पुन्हां सुरू केलें. २०२४ सालीं ह्या गंजिफांना भौगोलिक मानांकनहि मिळालें. शिकविणारा एक वृद्ध हयात होता आणि शिकणारे त्याच्यापुढें जाऊन बसले, म्हणून चित्रें वांचलीं. खेळाच्या रीतीलाहि असाच शिकविणारा व शिकणारा पाहिजे.

आमच्या दारव्ह्यास गंजिफा विकत मिळत नाहींत. पण त्यावांचून अडत नाहीं. वऱ्हाडांतील वैशाखाच्या दुपारीं मुलें घरांत कोंडलीं जातात, तेव्हां आम्हीं साध्या पत्त्यांवरच त्यांना ही रीत शिकवितों. चारी गुलाम काढून टाकावे. ४८ पानें उरतात, तीं तिघांना सोळा सोळा वाटावीं. राणीस प्रधान समजावें. इस्पिक व किलवर ह्यांत प्रधानाखालीं दश्शी, नव्वी असें उतरत जावें व एक्का सर्वांत लहान धरावा. बदाम व चौकट ह्यांत प्रधानाखालीं एक्का, दुर्री, तिर्री असें जाऊन दश्शी सर्वांत लहान धरावी. दिवसां बदामाच्या राजास राम व रात्रीं इस्पिकच्या राजास कृष्ण मानून उतारी करावी. दोन दिवस मुलें चुकतात, एक्का की दश्शी ह्यावरून भांडतात. तिसऱ्या दिवशीं तींच मोठ्यांच्या चुका दाखवूं लागतात.

ह्या खेळाच्या बारीकसारीक रीति घरोघरीं निराळ्या होत्या. आपल्या घरांतील एखाद्या आजीनें वा काकांनीं लहानपणीं गंजिफांचा डाव पाहिला असेल, तर त्यांना येत्या सुटींत मुलांमध्यें बसवावें, त्यांची रीत विचारून घ्यावी, ती वहींत उतरवावी आणि त्याच बैठकींत एक डाव खेळून पाहावा. वही हरवली तरी चालेल. खेळलेला डाव मुलांच्या स्मरणांत राहील.