कोहळे, डांगर, टरबूज : नावे वेगळी, फळप्रकार एकच!

वर्धा : पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, तो वर्ध्याच्या बाजारात 'कोहळे' या नावाने ओळखला जातो. 'डांगर' म्हटले की पश्चिम महाराष्ट्रात लाल भोपळा समजला जातो, विदर्भात मात्र खरबूज. दुधी भोपळ्याची येथे 'लवकी' होते, तर कलिंगडाचे 'टरबूज'. वनस्पतिशास्त्रात मात्र वेलीवरच्या या साऱ्या फळांसाठी एकच संज्ञा आहे, ती म्हणजे 'पेपो'.

'पिकलेले' या अर्थाच्या 'पेपॉन' या ग्रीक शब्दातून ही संज्ञा लॅटिनमार्गे आली. इंग्रजीतील 'पम्पकिन'चे मूळही तेच. पेपो हा मृदुफळाचा, म्हणजे टोमॅटो व द्राक्ष ज्यात मोडतात त्या गटाचा एक प्रकार होय. या फुलांत किंजपुट पाकळ्यांच्या खाली असतो. फळ वाढताना पुष्पासनाचा भाग त्याला चिकटून वाढतो आणि बाहेर चिवट किंवा टणक साल तयार होते. काकडी आडवी चिरल्यावर दिसणारे तीन भाग म्हणजे किंजपुटाची तीन दले.

मादीफुलाखाली चिमुकले फळ आधीच दिसते, नरफुलाखाली ते नसते. त्यामुळे नरफुले 'वांझ' समजून खुडणे चुकीचे ठरते. परागीभवन मुख्यतः मधमाश्या करीत असल्याने फुले उमललेली असताना कीटकनाशकाची फवारणी टाळणे हिताचे.

वाळलेल्या दुधीच्या कवचाचा तुंबा पूर्वी पाणी नेण्यासाठी वापरला जाई. घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने आजही अंग घासले जाते. पंढरपूर भागातील भोपळ्यांपासून मिरजेत सतारी व तंबोरे घडतात. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कडू चव ही धोक्याची खूण

या फळांचे नाते स्वयंपाकघरातही लक्षात ठेवायला हवे. या कुळातील वनस्पती स्वसंरक्षणासाठी 'कुकुर्बिटासिन' ही कडू विषारी द्रव्ये तयार करतात. लागवडीच्या वाणांत ती नगण्य असतात, तरी एखादे फळ कडू निघू शकते. दिल्लीत २०१० मध्ये दुधी व कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने अशा घटनांचा अभ्यास केला. समितीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागल्यास फळ टाकून द्यावे व हा रस अन्य रसांत मिसळू नये, असे समितीने सुचविले. कारल्याचा कडूपणा नैसर्गिक असतो, परंतु त्याच्या रसात कडू दुधी सहज लपतो. शिजवल्यानेही हे विष भरवशाने नष्ट होत नाही. त्यावर उतारा उपलब्ध नाही. रस घेतल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी किंवा रक्ताची उलटी झाल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.