मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड घेताना

मुलगी बारावी झाली की घरात टायपिंगच्या क्लासचा विषय निघतो. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. मग वडील पगार झाल्यावर दुकानात जाऊन ‘मराठीचा कीबोर्ड द्या’ म्हणतात आणि दुकानदार महागातला पुढे करतो.

पालकहो, मराठीसाठी वेगळा कीबोर्ड घ्यावाच लागत नाही. कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटायचे ते संगणक ठरवतो. खरा प्रश्न अक्षरांच्या मांडणीचा आहे आणि चुकीच्या मांडणीवर बोटे बसली तर सहा महिन्यांची फी व मेहनत पाण्यात जाते.

जुन्या टंकयंत्रावरून आलेली मांडणी ती रेमिंग्टन. तिच्यात ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. काही अक्षरे तर अर्धे अक्षर आणि काना जोडून करावी लागतात. आमच्या कचेरीतील जुन्या मंडळींचा हात तिच्यावरच चालतो, आणि काय वेगाने चालतो! दुसरी इन्स्क्रिप्ट. ही भारत सरकारने १९८६ साली ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. क जिथे, शिफ्ट धरून ख तिथेच. बोलतो त्या क्रमाने लिहायचे, म्हणजे आधी क, मग वेलांटी. ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह अनेकांना सापडत नाही, शिफ्ट धरून र, मग पाय मोडायची कळ, मग ह, एवढेच. विंडोजमध्ये ही मांडणी फुकट मिळते. नव्याने शिकणाऱ्याने हीच शिकावी असे माझे मत आहे. तरी फी भरण्यापूर्वी आपल्या परीक्षेला कोणती मांडणी चालते ते संस्थेत विचारावेच. इंग्रजी अक्षरांनी ‘kamal’सारखे लिहून ‘कमल’ उमटवण्याची तिसरी रीत घरगुती पत्राला ठीक. परीक्षेच्या तयारीला तिचा उपयोग नाही.

राहिला कीबोर्ड. कळांखाली रबराचा पडदा असलेला साधा, वायरचा कीबोर्ड पाचशे रुपयांच्या आत मिळतो व सरावाला पुरतो. प्रत्येक कळीला वेगळी स्प्रिंग असलेला मेकॅनिकल टिकतो जास्त, पण महाग. शिवाय त्यातले काही इतके खडखडतात की एका खोलीच्या घरात रात्री कोणाला झोप लागणार नाही. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांना नीट लागतात ना, ते दुकानातच डोळे मिटून पाहावे.