कवी गातो त्या गावी

गाणे ऐकावयास मनुष्य घराबाहेर पडतो यात नवल काही नाही. नवल आहे ते असे, की काल रात्री रेवदंड्यास जो गाणारा त्याने ऐकला, त्यालाच ऐकावयास तो आज रोह्यास जातो आणि परवा म्हसळ्याची वाट धरण्याचा बेत करतो. शेजारी विचारतात, "तेच ना पुन्हा?" घरातील वडीलधारी माणसे गाडीभाड्याचा हिशेब मांडतात. त्याला स्वतःलाही धड उत्तर देता येत नाही. आवडते म्हणून जातो, एवढेच तो सांगतो. हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. आवडीमागे काही कारण असते, आणि ते कारण या माणसाच्या वेडात नसून ज्याच्या मागे तो जातो त्या गाणाराच्या जातीत आहे, असे आमचे मत आहे.

गाणारांच्या दोन जाती मानाव्या लागतात. एक दुसऱ्याचे शब्द गाणारा, दुसरा स्वतः रचून स्वतः गाणारा. बालगंधर्वांना ऐकावयास लोक गावोगावहून येत, एकच नाटक पुनःपुन्हा पाहत. परंतु ती पदे किर्लोस्करांची, देवलांची, खाडिलकरांची. तेथे शब्द ठरलेला. श्रोता जाई तो गळ्यासाठी, आज तान कोठे वळते ते पाहण्यासाठी. 'गीतरामायण' घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. ग. दि. माडगूळकर लिहीत, सुधीर फडके चाल लावीत, आणि पुढे फडक्यांनी तीच गीते गावोगाव गायिली. त्या कार्यक्रमांना दहा-दहा वेळा गेलेली माणसे आपल्या ओळखीत निघतील. पण तेथेही शब्द कायम होता. श्रोत्याला पुढची ओळ ठाऊक असे, आणि ती ठाऊक असण्यातच त्याचा आनंद होता.

जो स्वतः रचतो त्याची गोष्ट निराळी. शब्द त्याच्या घरचा आहे. तो आज एक कडवे गाळील, उद्या नवे घालील, समोर कोण बसले आहे ते पाहून एखादी ओळ फिरवील. त्याला अडवणार कोण? म्हणून त्याच्या मागे जाणाऱ्याला तेच गाणे दोनदा ऐकावयास मिळत नाही. "तेच ना पुन्हा?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर शोधावयाचे तर आम्ही देहूस जाऊ. तुकोबा कवीही होते आणि कीर्तनात उभे राहून गाणारेही होते. त्यांच्या मागे चौदा टाळकरी असत अशी परंपरा सांगते. त्यांत गंगाराम मवाळ आणि संताजी जगनाडे ही नावे ठळक. टाळकरी म्हणजे नुसता श्रोता नव्हे. तो कीर्तनकाराच्या पाठीशी उभा राहतो, ध्रुवपद उचलतो, बुवांचा श्वास संपला की त्याचा सुरू होतो. पाश्चात्य सभागृहात गाणारा एका बाजूस आणि ऐकणारा दुसऱ्या बाजूस अशी जी रेघ असते, ती आपल्या कीर्तनात कधी पक्की नव्हतीच. पाठीमागे जाणारा माणूस हळूहळू पाठीशी उभा राहू लागतो.

या टाळकऱ्यांनी केलेले काम आपण विसरता कामा नये. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तरल्या, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. वह्या तरोत न तरोत, अभंग माणसांच्या तोंडी होते आणि काही माणसांनी ते लिहूनही ठेविले. संताजी जगनाडे यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी पुढे अभंग छापले. सरकारी साह्याने निघालेली १८६९ ची प्रसिद्ध गाथाही अशाच जुन्या वह्या जमवून, ताडून तयार झाली. ऐकणाराने लिहून ठेविले नसते, तर आज आपण काय गायिलो असतो?

आणि बहिणाबाई! गाणाऱ्या कवीसाठी घर सोडून निघालेल्या श्रोत्याची इतकी उघड हकीकत मराठीत दुसरी आम्हास ठाऊक नाही. वेरूळच्या बाजूच्या देवगावची ही ब्राह्मण मुलगी. घरच्या अडचणीमुळे फिरत फिरत कुटुंब कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले. म्हणजे कवी प्रत्यक्ष भेटण्यापूर्वी त्याचे गाणे दुसऱ्याच्या तोंडून तिच्यापर्यंत येऊन पोचले होते. तिचे एक वासरू होते, तेही तिच्याबरोबर कीर्तनास जाई. लोक हसले, नवऱ्याने मारले. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र कवीच्या नादी लागावे हे त्यास सहन झाले नाही. तरी अखेर सर्व कुटुंब देहूस आले आणि बहिणाबाईने तुकोबांचे कीर्तन स्वतःच्या कानांनी ऐकले. हे सारे तिने आपल्या अभंगांत स्वतःच सांगितले आहे. ऐकणारीची अशी कवयित्री झाली. शाळकरी मुली आपल्या आवडत्या कवी-गायकाच्या कार्यक्रमास परगावी जातात म्हणून नाक मुरडणारांनी हे प्रकरण एकदा वाचावे.

शाहिरांकडे वळले की रंग बदलतो, नियम तोच राहतो. सोलापूरच्या राम जोश्यांनी लावणी रचली आणि गायिली. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, १८६६ साली जन्मले, कुलकर्णीपण टाकून तमाशाच्या फडात शिरले, पवळाबाईंच्या साथीने त्यांनी महाराष्ट्र हलविला. त्यांच्या लावण्यांची संख्या लाखांनी सांगतात. इतक्या नसतीलही, पण होत्या त्यांतील फार थोड्या आज हाती आहेत. १९४५ साली हा कवी विपन्नावस्थेत गेला. त्याच्या बारीला तंबू फुटेपर्यंत गर्दी करणारे हजारो होते, वही घेऊन बसणारा संताजी मात्र त्याला फारसा लाभला नाही. दोन गर्दींतील हा फरक आम्हाला नेहमी खुपतो.

आता आपल्या अंगणात येऊ. रायगडच्या दक्षिणेस माणगाव, म्हसळे, महाड आणि तेथून रत्नागिरीपर्यंत शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. जाखडी म्हणा, मुंबईकरांनी ठेविलेल्या नावाने बाल्या नाच म्हणा. मध्ये शाहीर, ढोलकी आणि झांज. भोवती पायांत चाळ बांधलेले नाचणारे फेर धरतात. एक पक्ष शक्तीचा, म्हणजे आदिमायेस श्रेष्ठ मानणारा. दुसरा तुऱ्याचा, शिवाची बाजू घेणारा. कलगी आणि तुरा हा जुना वाद, नागेश आणि हैबती यांची नावे त्याच्या मुळाशी घेतात. गण होतो, गवळण होते, आणि मग ज्यासाठी लोक जागतात तो सवाल-जवाब सुरू होतो. एक शाहीर पुराणातील एखादा खोचक प्रश्न पदात गुंफून टाकतो, दुसऱ्याने त्याचे उत्तर पदातच द्यावयाचे, आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारे ते दिले हेही सांगावयाचे. चाल पुष्कळदा नव्या सिनेमाची असते, मजकूर मात्र पद्मपुराणाचा! हा संयोग काही विद्वानांना रुचत नाही. आम्हाला तो मोठा सुखाचा वाटतो.

येथे शाहिराच्या मागे जाणाऱ्यांना खरे काम असते. आज उत्तर अर्धे राहिले तर ते पुढच्या सामन्यात पुरे होते. प्रतिपक्षाच्या शाहिराने मागे कोणता सवाल टाकला होता, त्याला आपल्या माणसाने काय जवाब दिला, हे चाहत्यांच्या ध्यानात असते. शाहीर विसरला तरी ते विसरत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामास गेलेल्या कोकणी माणसाने हे वेड बरोबर नेले. परळच्या दामोदर नाट्यगृहात कित्येक वर्षे या मंडळींचे खेळ होत, आणि ज्याचा शाहीर त्याचे गावकरी पाळी बदलून येऊन बसत. गणपतीत तोच चाकरमानी गावी उतरला, की रात्रीची झोप विसरून वाडीवाडीने शाहिराच्या मागे फिरतो.

चौलच्या माणसाला यातील प्रवासाची बाजू चांगली कळेल. एके काळी जग आपल्याकडे येत होते. दहाव्या शतकात मसूदी हा अरब प्रवासी आला, १४६९ च्या सुमारास रशियाचा निकितिन याच किनाऱ्यावर उतरला. आता दत्ताच्या जत्रेचे दिवस सोडले, तर मोठे गाणे ऐकावयास आपल्यालाच उठून जावे लागते: अलिबागेस, नाही तर मांडव्याहून मुंबईस. रेवदंड्याचा साळाव पूल होण्यापूर्वी कुंडलिकेपलीकडच्या गावी जावयाचे तर तरीची वाट पाहावी लागे. रात्री बारी संपली की पहाटेपर्यंत परतीचे नाव नको. २०२० पासून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते, हे खरे. पण कार्यक्रम रात्री साडेबारास सुटल्यावर ती कोणासाठी थांबत नाही. ज्याच्या पदरी ही यातायात आहे, तो सहज म्हणून गाणे ऐकत नाही. त्याचा कान आधीपासून टवकारलेला असतो.

या मागे जाण्यात पोटापाण्याचा आणि मानापमानाचा प्रश्नही असतो, तो वामनदादा कर्डकांपाशी स्पष्ट दिसतो. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीस त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख मोठेपणी झाली. डॉ. आंबेडकरांचा विचार त्यांनी आपल्या गाण्यांत आणला आणि २००४ साली निधन होईपर्यंत खेडोपाडी तो गात हिंडले. त्यांच्या श्रोत्यांपैकी अनेकांना शाळा मिळाली नव्हती. छापलेले पुस्तक त्यांच्या उपयोगाचे नव्हते, गाणे होते. आज या वस्तीत ऐकलेले गाणे उद्या शेजारच्या वस्तीत कोणी तरी म्हणे. येथे कवीच्या मागे माणसे गेली आणि त्यांच्या मागे गाणे गेले. सभेत न आलेल्यालाही ते पोचले. असे श्रोते मिळणे हे कवीचे भाग्य, यापेक्षा त्या गाण्याचे प्रयोजनच होते असे म्हणणे बरोबर ठरेल.

बाहेरच्या जगातही हीच माणसे भेटतात, पोशाख तेवढा निराळा. अमेरिकेत १९६५ साली 'ग्रेटफुल डेड' नावाची मंडळी उभी राहिली. त्यांची बरीच गाणी घरचीच, आणि कोणत्याही दोन रात्री गाण्यांचा क्रम एक नसे. त्यामुळे लोक महिनामहिना त्यांच्या मागे गावोगाव फिरू लागले. सभागृहाबाहेर गाड्या उभ्या राहत तेथे बाजार भरे. कोणी खाण्याचे पदार्थ विकी, कोणी रंगविलेले सदरे, आणि त्या पैशांवर पुढच्या गावचे तिकीट काढी. आमच्या जत्रेतील दुकानदारांस यात नवे काही दिसणार नाही. या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली: ध्वनिमुद्रण करणारांना हाकलून देण्याऐवजी १९८४ साली त्यांच्यासाठी बसण्याची वेगळी जागाच राखली. अट एवढीच, की फिती विकावयाच्या नाहीत, आपसांत द्यावयाच्या. १९९५ साली मुख्य गायक जेरी गार्सिया वारला आणि ती मंडळी मोडली, तरी हजारो रात्रींचे गाणे लोकांच्या घरी शिल्लक राहिले. कॉर्नेल विद्यापीठात मे १९७७ मध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे मुद्रण पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोगे म्हणून निवडले. बॉब डिलनही १९८८ पासून वर्षानुवर्षे गावोगाव गात राहिला. त्याची ठाऊक असलेली गाणी तो इतकी बदलून गातो, की दोन ओळी होईपर्यंत चाहत्यांनाही ओळख पटत नाही. त्यास २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गाणे हे साहित्य की नव्हे असा वाद पेटला. तुकोबांच्या मुलखात या वादाचे हसू यावे.

आपल्याकडे संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' २००३ साली सुरू झाला, आणि कवीच्या तोंडून कविता ऐकावयास तरुण मुले तिकीट काढून येतात हे पुष्कळांना नव्याने कळले. तीच मुले पुन्हा पुन्हा येत.

या वेडाचे दोषही आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. शक्ती-तुऱ्यात चाहत्यांच्या आरोळ्यांनी सवाल बाजूस राहतो आणि शाहीर एकमेकांच्या घरादारावर घसरतात. मग ज्ञान कमी, टोमणे फार. शाहिरालाही कळते, की टोमण्याला बक्षीस लवकर येते. अशा वेळी दोष गाणाराइतकाच ऐकणाराचा असतो. दुसरा दोष नवा आहे. प्रत्येकाच्या हाती फोन आला आहे. पहिल्या सामन्यातील नवे पद दुसऱ्या दिवशी गावोगाव पोचते, त्यामुळे प्रतिपक्ष जवाब घरूनच बांधून आणतो, आणि समोरासमोर सुचण्यात जी गंमत होती ती उणावते. शिवाय फोन उंच धरून तीन तास उभा राहिलेला मनुष्य ऐकतो तरी किती, हा प्रश्न राहतोच.

तरीही फोन नको असे आम्ही म्हणणार नाही. पठ्ठे बापूरावांच्या बारीत एक जरी असता, तर आज आपण किती श्रीमंत असतो! मात्र नुसते मुद्रण म्हणजे संताजीची वही नव्हे. फोन हरवतो, बिघडतो, जागा भरली म्हणून पुसला जातो. आणि दहा वर्षांनी कोणी ते ऐकले तरी गाणारा कोण, पद कोणाचे, हे त्याला कळत नाही. म्हणून या वसंतात जी मंडळी आपल्या शाहिराच्या मागे निघतील, त्यांनी खिशात एक लहानशी वही ठेवावी. पदाची पहिली ओळ, शाहिराचे नाव आणि त्याच्या गुरूचे घराणे, पक्ष शक्तीचा की तुऱ्याचा, गाव, तिथी, समोर कोण होता, त्याने काय विचारले, आणि उत्तराला कोणत्या ग्रंथाचा आधार दिला, एवढे त्याच रात्री लिहावे. परतीच्या पहिल्या गाडीची वाट पाहताना तेवढा वेळ हाताशी असतोच.