आधी आराखडा, मग शोध

शाळा सुरू होऊन काही महिने लोटले, म्हणजे घरोघरी ‘प्रकल्प’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. बाप बाजारातून पुठ्ठा आणि रंगीत चित्रे आणतो, थोरली बहीण सुबक अक्षरांत मजकूर उतरवून देते, आई चित्रे कातरून चिकटविते, आणि ज्याचा प्रकल्प असतो तो चिरंजीव मात्र केव्हाच झोपी गेलेला असतो! दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागतो आणि सर्वांना समाधान वाटते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ बिघडते. न केलेल्या कामाखाली आपले नाव लिहावयास मूल घरातच, आणि तेही आईबापांच्या हातून शिकते. शिवाय स्वतः प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधण्याचा जो आनंद त्याला मिळावयाचा, तोही आपण प्रेमापोटी हिरावून घेतो. म्हणून मुलांच्या शोधप्रकल्पाची आखणी कशी व्हावी, याविषयी आज आमच्या वाचकांशी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

या बाबतीत आपणांस वाट दाखविणारे एक शहर आहे, ते म्हणजे ग्वाल्हेर. हे नाव मराठी माणसाला परके नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी तेथे आपला तळ हलविला. त्या तळावरून ‘लष्कर’ हे नाव पडलेली वस्ती आजही त्या शहरात आहे आणि तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. गायनाच्या ग्वाल्हेर घराण्याची कीर्ती तर आपण ऐकलेलीच आहे. परंतु याच शहरातून मुलांच्या शोधकार्याची एक चळवळ निघाली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९९२ साली ग्वाल्हेर सायन्स सेंटर या संस्थेने मुलांची विज्ञान काँग्रेस भरविण्याचा उपक्रम सुरू केला. कल्पना अशी की, थोर शास्त्रज्ञ जसे एकत्र जमून आपापले संशोधन परस्परांपुढे मांडतात, तसे मुलांनीही मांडावे. ही कल्पना इतकी पसंत पडली की, पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९३ साली, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या आश्रयाने ती देशभर गेली. जिल्हा, राज्य आणि शेवटी राष्ट्र अशा पायऱ्यांनी मुले आपले काम मांडू लागली. त्यासाठी वेळोवेळी एक मुख्य विषय ठरविण्यात येई. २०१२ व २०१३ साली ऊर्जा हा विषय होता, तर २०१४ व २०१५ साली हवामान.

या उपक्रमाचे नियम आमच्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी ध्यानात घेण्याजोगे आहेत. १० ते १७ वर्षांची मुले त्यात भाग घेऊ शकत आणि शाळा सुटलेल्या मुलांनाही दार बंद नव्हते. महागडी उपकरणे लागत नसत. मुलांनी लहानशी तुकडी करावी, एका वडीलधाऱ्या मार्गदर्शकाचे साह्य घ्यावे, आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न निवडावा आणि निरीक्षण करून, मोजून, माहिती गोळा करून त्याचा छडा लावावा, एवढीच अपेक्षा असे. ज्याच्या अंगणात विहीर, परसात भाजीचा वाफा आणि गोठ्यात गाय आहे, ते मूल या कामी शहरातील मुलापेक्षा कमी पडण्याचे कारणच नाही. किंबहुना ते दोन पावले पुढेच असते.

आता आखणीकडे वळू. समजा, सातवी-आठवीतील दोन मुलांनी विहिरीचा विषय घेतला. ‘आमच्या गावातील पाणी का आटते?’ असा प्रश्न त्यांनी मांडला, तर तो त्यांच्या हातून सुटणार नाही. त्याला गावाएवढे, किंबहुना तालुक्याएवढे काम लागेल. तोच प्रश्न लहान करून असा विचारता येईल: ‘नाताळापासून मे अखेरपर्यंत आमच्या आळीतील चार विहिरींचे पाणी दर आठवड्याला किती खाली जाते? आणि पंप बसविलेल्या दोन विहिरींत ते बिनपंपाच्या दोन विहिरींपेक्षा वेगाने उतरते काय?’ हा प्रश्न दोरीने मोजता येतो. जो प्रश्न मोजता येतो, तोच मुलांच्या आवाक्यातला असतो.

प्रश्न ठरला की प्रस्ताव लिहावा. प्रस्ताव म्हणजे काम हाती घेण्यापूर्वी गुरुजींपुढे ठेवावयाचा कागद. त्याला दोन पाने पुरेत. आपण हाच विषय का निवडला, हे प्रथम सांगावे. नंतर याविषयी आजपर्यंत काय ठाऊक आहे ते लिहावे. त्यासाठी पुस्तके पाहावीत, तशीच आजोबांनाही विचारावे, कारण पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात तळ दिसे, हे तेच सांगू शकतील. मग आपली अटकळ स्पष्ट शब्दांत मांडावी. ‘पंपाच्या विहिरीतील पाणी अधिक वेगाने उतरत असावे, असे आम्हांस वाटते,’ हे आधीच लिहून ठेवले, म्हणजे पुढे शब्द फिरविता येत नाहीत.

त्यानंतर रीत सांगावी. गाठी मारलेल्या दोरीला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर रविवारी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, एकाच ठिकाणाहून मोजावे. एकाने मोजल्यावर दुसऱ्याने पुन्हा मोजावे. एके आठवडी सकाळी आणि दुसऱ्या आठवडी संध्याकाळी मोजले, तर फरक पाण्यामुळे पडला की वेळेमुळे, हे कळणार नाही. सुमारे २२ आठवडे आणि चार विहिरी, म्हणजे ८८ नोंदी होतील. प्रत्येक नोंद त्याच दिवशी तारखेसह वहीत व्हावयास हवी. कोणते काम कोणी करावयाचे, खर्च किती, विहिरीच्या मालकाची परवानगी घेतली काय, आणि काठावर कोण वडीलधारे माणूस बरोबर असेल, हेही प्रस्तावात असलेच पाहिजे. मुलांच्या जिवापेक्षा कोणतीही माहिती मोलाची नाही.

आखणीत वेळ फुकट जातो, असे मुलांना वाटते. त्यांना ग्रेगोर मेंडेल यांची गोष्ट सांगावी. ऑगस्टिनियन संघाच्या या धर्मगुरूंनी ब्रुनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले. परंतु प्रयोगापूर्वी त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण मिळवून दोन वर्षे नुसते पारखले आणि त्यांतून २२ निवडले. गुणही सातच घेतले. मग वर्षानुवर्षे रोपे मोजली. १८६५ साली त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखविले, तेव्हा फारशी कोणी दखल घेतली नाही. १९०० साली मात्र जगाला त्यांचे मोल कळले. प्रश्न लहान, तयारी दांडगी आणि मोजणी चोख, हेच त्यांचे भांडवल होते.

सर्वांत कठीण प्रसंग शेवटी येतो. समजा, मे महिन्यात वही उघडली आणि पंपाच्या विहिरीतील पाणी उलट सावकाश उतरले, असे दिसले. आता काय करावे? चार आकडे बदलले की अटकळ खरी ठरते, आणि कोणाला कळणारही नाही. आमचे आईबापांना कळकळीचे सांगणे आहे की, या क्षणी मुलाच्या पाठीशी उभे राहा. त्याला म्हणा, ‘बाळा, जे दिसले तेच लिही.’ कदाचित त्या विहिरीचा झरा मोठा असेल, कदाचित ती अधिक खोल असेल. तेही लिहावे, आणि चार विहिरींवरून साऱ्या गावाविषयी निकाल देता येत नाही, हेही प्रांजळपणे कबूल करावे. चुकलेली अटकळ हे अपयश नव्हे, परंतु बदललेला आकडा हे असत्य होय.

मग आईबापांनी काहीच करू नये काय? अवश्य करावे. दोरी आणून द्यावी, काठावर सोबत करावी, रविवार चुकू लागला तर आठवण द्यावी, आणि मुलांनी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची घाई न करता, ‘तुला काय वाटते?’ असे उलट विचारावे. लेखणी मात्र मुलांच्याच हाती राहू द्यावी. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. आणि ही संधी मुलाला देताना मुलीला विसरू नये. पाणी शेंदणाऱ्या लेकीला विहिरीची जी ओळख असते, ती कित्येकदा घरातील कोणालाच नसते.

जाता जाता पुन्हा ग्वाल्हेरला जाऊ. तेथील किल्ल्याच्या चढणीवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. त्यातील इ.स. ८७६ च्या शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज द्यावयाच्या माळा ५०. यांतील २७० आणि ५० या आकड्यांत कोरलेल्या शून्यामुळे हा लेख जगभर प्रसिद्ध झाला. ज्याने ती जमीन मोजली त्याला आपण इतिहासात जाऊ, असे स्वप्नातही वाटले नसेल. त्याने बाग मोजली आणि जे भरले ते लिहविले, इतकेच.

आपल्या मुलांकडूनही आपण याहून अधिक काही मागू नये. त्यांनी एक लहानसा प्रश्न निवडावा, आधी आराखडा करावा, नीट मोजावे आणि जे दिसेल ते खरेखुरे लिहावे. तो तक्ता भिंतीवर लागो वा न लागो, खरे लिहावयास शिकलेले मूल घरात असणे, हीच त्या प्रकल्पाची खरी कमाई होय.