उसातील साखर, विकरे आणि सामू

तोडणी झालेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु वजनाबरोबर त्यातील साखरही कमी होत जाते, ही बाब सहसा ध्यानात येत नाही. उसातीलच एक विकर, म्हणजेच एंझाइम, या साखरेचे विघटन करीत असते. आणि त्याचा जोर बऱ्याच अंशी रसाच्या आम्लतेवर अवलंबून असतो.

आम्लतेचे माप

सजीवांमधील रासायनिक क्रियांना वेग देणारी, परंतु स्वतः खर्ची न पडणारी प्रथिने म्हणजे विकरे होत. द्रवाची आम्लता व अल्कता ‘सामू’ या मापाने दर्शवितात. सामू ७ असल्यास द्रव उदासीन, त्याहून कमी असल्यास आम्लधर्मी आणि अधिक असल्यास अल्कधर्मी समजतात. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हे माप मांडले, तेही विकरांचाच अभ्यास करीत असताना.

विकराच्या रेणूची विशिष्ट घडण व त्यावरील विद्युत्भार यांमुळे त्याचे कार्य चालते. सामू बदलला की हे भार बदलतात, कार्य मंदावते आणि बदल फार मोठा असल्यास घडणच मोडते. म्हणून प्रत्येक विकराचा अनुकूल सामू निराळा असतो. जठरातील पेप्सिन सामू २ च्या आसपास, तर लहान आतड्यातील ट्रिप्सिन ८ च्या सुमारास उत्तम कार्य करते.

उसाच्या रसात काय घडते?

ताज्या रसाचा सामू सुमारे ५.२ ते ५.५ असतो. उसातील इन्व्हर्टेज या विकराचा एक प्रमुख प्रकार सामू ५ च्या आसपासच अधिक क्रियाशील असतो. ते साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करते. तोडणीनंतर ही क्रिया वाढते. शिवाय कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरून आम्ले तयार करतात. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे साखरेसारखे दाणे कारखान्यात बनत नाहीत. ते मळीत जातात आणि साखरेचा उतारा घटतो. गुऱ्हाळात अशा रसाचा गूळ मऊ पडतो व लवकर पाझरतो.

चुन्याचे महत्त्व

कारखान्यात रसात चुना मिसळून सामू ७ च्या जवळ आणतात व रस १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवितात. त्यामुळे आम्लता नाहीशी होते आणि उष्णतेने विकर कायमचे निकामी होते. मात्र चुना अधिक झाल्यास ग्लुकोज व फ्रुक्टोज बिघडून रस काळवंडतो. गुऱ्हाळातही चुन्याची निवळी बेतानेच घालावी, याचे कारण हेच.

चुन्याने झालेली हानी भरून निघत नाही. ती पुढे वाढणे तेवढे थांबते. म्हणून ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. विलंब अटळ असल्यास मोळ्या सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात व वर पाणी शिंपडावे. चरक व रसाची भांडी रोज धुवावीत. शाळेत ताजा रस आणि रात्रभर ठेवलेला रस यांचा सामू कागदाने तपासून दाखविल्यास आम्लता कशी वाढते, हे विद्यार्थ्यांना सहज पटेल.