फुटलेल्या मंडळ्या, टिकलेले गवई

बालगंधर्वांनी १९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळी सोडली आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्या साथीने गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबेही तिथून बाहेर पडले. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथांनी किर्लोस्कर सोडून बलवंत संगीत मंडळी उभी केली. ही फाटाफूट आपण कौतुकाने सांगतो. रॉकवाल्यांनी बँड बदलला, की मात्र ‘पोरांचं एकमेकांशी पटत नाही’ म्हणून मोकळे होतो.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पियानोवर होता फारोख बलसारा. पुढे इंग्लंडात १९६९ मध्ये तो ‘आयबेक्स’मध्ये शिरला; त्याच बँडचं नाव ‘रेकेज’ झालं. मग ‘सावर मिल्क सी’. १९७० मध्ये टिम स्टाफेलने ‘स्माइल’ हा बँड सोडला, तेव्हा त्यातल्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत फारोख उभा राहिला आणि ‘क्वीन’ जन्मला. तोच फ्रेडी मर्क्युरी. त्या धडपडीच्या दिवसांत एका कार्यक्रमात जड माइक-स्टँड मधोमध निखळला आणि पठ्ठ्या वरचा अर्धा दांडा घेऊनच गात राहिला, असं त्याचे जुने साथीदार सांगतात. ‘रेकेज’ विरला, अर्धा दांडा मात्र भरल्या स्टेडियमांपर्यंत त्याच्या हातात राहिला.

मुंबईची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९८४ साली ‘रॉक मशीन’ सुरू झाला. कॉलेजच्या महोत्सवांत तेव्हा परदेशी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्यालाच टाळ्या मिळत. या बँडने स्वतःची गाणी रचली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला. १९९३ मध्ये बँडने नावच बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. चालू नाव टाकून देणं म्हणजे जमलेलं गिऱ्हाईक पणाला लावणं. १९९७ मध्ये बँड थांबला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आल्म्स फॉर शांती’ काढला. त्यात रॉकची भारतीय संगीताशी सांगड होती. २०१० मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवाले झुबिन बालापोरिया नव्या दमाच्या साथीदारांसह ‘इंडस क्रीड’ म्हणून पुन्हा उभे राहिले. २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम हे त्याचं फळ.

गायक विशाल ददलानीने तिसरी वाट धरली: बँड न सोडता दुसरं घर थाटलं. त्याचा बँड ‘पेंटाग्राम’ १९९४ चा. शेखर रावजियानीबरोबरचं चित्रपटसंगीत १९९९ पासून. इंग्रजी रॉकवर आपल्याकडे पोट भरणं अवघड, त्यामुळे सिनेमाच्या कमाईने बँडला दम मिळाला, तर त्यात तडजोड कसली?

थोडक्यात, कुणी किती बँड बदलले हे मोजण्यात हशील नाही; बदलताना सोबत काय नेलं, ते पाहावं.

आपल्या नाटक मंडळ्यांचा इतिहास टिकला, कारण बोडसांनी ‘माझी भूमिका’ लिहिली, टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिला. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावीही ऑर्केस्ट्रा आणि बँड पार्ट्या जुळतात, मोडतात, नव्या नावाने पुन्हा वाजू लागतात. त्यांत वाजवणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्याकडून नावं, सालं आणि भांडणं आजच लिहून घ्या.