'गडी' शब्दाचे दोन अर्थ : 'द काइट रनर'मधील भ्याडपणा

मराठीतील 'गडी' हा शब्द दुहेरी आहे. 'खेळगडी', 'सवंगडी' यांत तो बरोबरीचा सोबती असतो. 'घरगडी' म्हटले की तोच चाकर ठरतो. जव्हार-मोखाड्यासह आजच्या पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात त्याचे याहून दारुण रूप रूढ होते : 'लग्नगडी'. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढावयाचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने त्याच्याकडे राबावयाचे. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात वारली समाजाच्या संदर्भात ही प्रथा आली आहे. वेठबिगारी देशभर रद्द करणारा वटहुकूम निघाला तो ऑक्टोबर १९७५ मध्ये.

खालेद हुसैनी यांच्या कादंबरीतील (२००३) निर्णायक प्रसंगही, योगायोगाने, १९७५ च्याच हिवाळ्यात काबूलमध्ये घडतो. अमीर हा पश्तून धनिकाचा मुलगा, हसन त्याच घरच्या हजारा नोकराचा. दोघे एकत्र वाढतात, पतंग उडवितात. डाळिंबाच्या झाडाखाली अमीर निरक्षर हसनला गोष्टी वाचून दाखवितो. तथापि त्याला मित्र मात्र तो मानीत नाही. त्याच्या वडिलांनीही बालपणापासूनच्या सोबती अलीला तसे कधी म्हटलेले नसते. 

गल्लीत हसनवर अत्याचार होत असता अमीर आडून पाहतो आणि पळून जातो. बारा वर्षांच्या मुलाची भीती समजण्याजोगी आहे. परंतु हसन अखेर हजाराच, हे जे समर्थन त्याला त्या क्षणी सुचते ते त्याने घडविलेले नाही. ते समाजाने तयार ठेविलेले असते. अब्दुर रहमान याने १८९१-९३ मध्ये हजारांचे उठाव चिरडून अनेकांना गुलाम केले, त्या इतिहासाचा तो वारसा. सवंगडी तेथे घरगडी होतो. त्यानंतर हसनच्या बिछान्याखाली घड्याळ व पैसे लपवून अमीर त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. हे कृत्य अधिक हीन, कारण आता भीतीचेही निमित्त उरलेले नाही.

हसन हा वडिलांचाच अनौरस पुत्र, हे रहस्य पुढे उलगडते आणि अमीरच्या प्रायश्चित्ताला भाऊबंदकीचा आधार मिळतो. कादंबरी येथे दुबळी होते. हसन केवळ नोकराचा मुलगा असता, तर अमीर त्याच्या पोरक्या मुलासाठी काबूलला परतला असता काय, या प्रश्नाला ती बगल देते. हसनने स्वतः लिहिलेले एकच पत्र तीत आहे. ते अमीरच्या हाती पडते तेव्हा हसन हयात नसतो.